दहा वाजून पाच मिनिटं

पोयनाडकर सुभेदारांचा उजवा हात मी मोडला. पनवेलात ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही, आधीच सांगून टाकतो. आज ते इथे नाहीत आणि मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे, म्हणून माझा राग गेला असं कुणी समजू नये. एक साधा शब्द खोटा बोलले असते तर मी पोलीस कोठडीत बसलो नसतो. तो शब्द ते बोलले नाहीत. हे मी विसरलेलो नाही.

मी विचुंब्याचा. आमची भातशेती नव्या पनवेलच्या वसाहतीसाठी सरकारने घेतली आणि मी विटा-रेतीचा धंदा सुरू केला. ज्या सरकारने माझी जमीन घेतली, त्याच्याच इमारतींना मी विटा विकल्या आणि भाव एका पैशानेही सोडला नाही. माझा धाकटा भाऊ दत्तू मात्र फौजेत गेला. सत्त्याऐंशी साली आपली फौज श्रीलंकेत उतरली, तिच्यात दत्तूची पलटण होती. फौज गेली होती शांतता राखायला, आणि थोड्याच दिवसांत ज्यांच्या रक्षणासाठी गेली त्यांच्याशीच तिची जुंपली. इथे कुणाला ती लढाई कळत नव्हती. माझ्या विटांच्या अड्ड्यावर लोक विचारायचे, "म्हात्रेशेठ, आपली पोरं तिथं कुणाशी लढतात हो?" मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं.

दत्तू तिथेच गेला. आमच्या घरी आली ती एक ट्रंक, अस्थींचा डबा आणि एक पत्र. पत्रात लिहिलं होतं, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एका भातगिरणीवर सर्वांच्या पुढे चालून जाताना शत्रूच्या गोळ्या लागून वीरमरण. मी गावाच्या तोंडाशी काळा दगड बसवला आणि तो मजकूर, वेळेसकट, कोरून घेतला. दरवर्षी त्या दिवशी एक वाजून दहाला हार, बँड, सरपंचांचं भाषण. आई तिथे यायची नाही. त्या पत्रानंतर तिने दुपारी जेवणंच सोडलं होतं. म्हणायची, "एक वाजायला आला का त्याचा वरडणं ऐकू येतं मना. घास उतरत नाय."

दीड-दोन वर्षांनी एक उंच, सुकलेला माणूस माझ्या अड्ड्यावर सायकलवरून उतरला. पांढरा हाफ शर्ट, कडक इस्त्री, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. नव्या पनवेलला घेतलेल्या घराच्या कुंपणासाठी विटा हव्या होत्या. मी भाव सांगितला, अर्थात घासाघीस होईल हे धरून, चढवून.

"ठीक," ते म्हणाले.

"ठीक काय? कमी करा म्हणा की."

"का? तुम्ही खोटा सांगितलात का?"

चढवूनच सांगितला होता, तरी मी भाव कमी केला नाही. पण घासाघीस न करता माल घेऊन जाणारं गिऱ्हाईक पाहून, मलाच कुणीतरी लुबाडल्यासारखं वाटलं. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि लिहिलं: ०९४०, म्हात्रे, विटा.

"वेळ कशाला लिहिता?"

"ज्याची वेळ लिहिली नाही, ते कुणीही कधीही झालं म्हणून सांगू शकतो."

पोयनाडकर म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, मूळ पोयनाडचे. जुन्या पनवेलातल्या त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही इस्राएलांची मशीद म्हणायचो. त्यांची निम्मी माणसं तोवर इस्रायलला निघून गेली होती, यांचा मुलगाही. सुभेदार अठ्ठावीस वर्षं फौजेत कारकुनी करून, पलटणीचे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. वेळ लिहायची सवय तिथली. दूध नासलं, वेळ. वीज गेली, वेळ. त्यांची बायको हन्नाबाई मला एकदा म्हणाल्या, "आमचं लग्न किती वाजता लागलं विचारा. चार वाजून सतरा मिनिटांनी. आणि कुठल्या वर्षी, ते मात्र मला विचारतात!"

शनिवारी मात्र ते पेनाला हात लावत नसत. त्यांच्या धर्मात शनिवारी काम चालत नाही आणि लिहिणं हे कामच. दिवसभराच्या वेळा डोक्यात धरून ठेवायच्या, संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्या की डायरी घेऊन अंगणात बसायचं.

इतक्या वर्णनावरून हा माणूस गरीब गाय वाटेल. तसं अजिबात नव्हतं. रोडपालीच्या एका बांधकामावर माझा ट्रक विटा उतरवत होता. सुभेदार आपल्या विटांची चौकशी करायला तिथे आले होते. मजूर बाईच्या डोक्यावरून घमेलं निसटलं, चार विटा फुटल्या, आणि माझ्या ड्रायव्हरने तिच्या पोटात लाथ घातली. ती वाकली तशी दुसरी घालायला त्याने पाय उचलला. सुभेदारांनी खालची अर्धी वीट उचलली आणि त्याच्या जबड्यावर हाणली. फळी तुटावी तसा आवाज आला. ड्रायव्हर रेतीत बसला, तोंडात हात घातला आणि दोन दात बाहेर काढून बघत राहिला. रक्त हनुवटीवरून बनियनवर गळत होतं.

"सुभेदार, मारून टाकाल त्याला!" मी धावलो.

"मारायचा असता तर कानाच्या वर मारली असती." वीट खाली ठेवली, हात पुसले, डायरीत लिहिलं ११२५, आणि सायकलवर टांग टाकून थेट पोलीस ठाण्यात गेले. फौजदाराने विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध?" हे म्हणाले, "माझ्याविरुद्ध." फौजदाराने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

त्या दिवसापासून मला हा माणूस आवडू लागला, हे कबूल करतो. मी विचारलं, "लढाईत माणूस मारलाय का तुम्ही?"

"एकाहत्तरला. कारकुनांच्या तंबूवरच हल्ला झाला होता. एक मारला, जवळून. त्याच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता." मग म्हणाले, "मारायला माझी हरकत नाही, म्हात्रे. फौज असते कशाला? पण कुणाला मारलं, किती वाजता, कशासाठी, ते खरं लिहायचं. तेही लिहिता येत नसेल, तर ती लढाई आपली नव्हे."

"आणि लंकेतली?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि उठून गेले.

दत्तूच्या दगडापाशी मीच त्यांना नेलं. त्यांनी मजकूर दोनदा वाचला. "मी याच पलटणीत होतो," ते म्हणाले. "वेळ चुकली आहे."

मी विचारलं, "म्हंजे?"

"चौकशी चालू आहे. ती संपेपर्यंत मला बोलता येणार नाही."

मी त्यांच्या मागे लागलो. समजावलं, चिडलो, आईची शपथ घातली. एखाद्याकडून गोष्ट कशी काढून घ्यायची हे मला कळतं, त्यावरच मी पोट भरलं आहे. या माणसापाशी काही चाललं नाही. माझ्या भावाचं मरण यांच्या पोटात, आणि मी बाहेर उभा!

पुढच्या वर्षी पलटणीतले एक मेजर माझ्या अड्ड्यावर आले. साताऱ्याकडचे, तरुण, बोलायला गोड. म्हणाले, दत्तात्रेयच्या नावाची शौर्यपदकासाठी शिफारस झाली आहे. अडलंय फक्त एका नोंदीपाशी. हेडक्लार्कने रोजनाम्यात त्याच्या मृत्यूची वेळ दहा वाजून पाच लिहून ठेवली आहे. गिरणीवर हल्ला झाला दुपारी. त्या गिरणीत अकरा माणसं मेली होती, आणि ती निःशस्त्र होती अशी तिथल्या लोकांनी तक्रार केली आहे. "दत्तात्रेयला गिरणीतून गोळी लागली असेल, तर गिरणीत शत्रू होता. सुभेदारांनी एवढंच लिहून द्यायचं, लिहिताना माझी चूक झाली. तुमच्या भावाला पदक, सुभेदारांना मानद लेफ्टनंट. ती रँक त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे."

मला यात एकच शब्द ऐकू आला, पदक. जमीन घेताना सरकारने आम्हाला माणसात धरलं नव्हतं. आता त्याच सरकारने माझ्या भावाच्या नावाचं पदक माझ्या आईच्या हातात ठेवायचं होतं, आणि मध्ये उभा होता कोण, तर एक कारकून!

आम्ही दोघे संध्याकाळी सुभेदारांच्या घरी गेलो. ते आपल्या ट्रंकेपुढे पाट घेऊन बसले होते. ट्रंकेत वर्षांवर्षांच्या डायऱ्या होत्या. हन्नाबाई स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभ्या. मेजरांनी कागद पुढे केला.

"सुभेदारसाहेब, ती लढाई तुम्हाला नको होती, मलाही नको होती. आमच्या मेसमध्ये रोज वरच्यांना शिव्या पडायच्या. दिल्लीत एका साहेबाने फाईलवर शेरा मारला, फौज परत आणा. पंधरा दिवसांत त्याची बदली झाली. नको म्हणणारे पुष्कळ होते, तुम्ही एकटे नव्हता. पण आता झालं ते झालं."

"पुष्कळ होते," सुभेदार म्हणाले. "कागदावर किती होते?"

मेजर खिडकीकडे बघू लागले.

हन्नाबाई म्हणाल्या, "अहो, लिहा ना एकदाचं. अठ्ठावीस वर्षं झिजलात. लेफ्टनंटची पाटी लागू दे दाराला."

"नाही."

मी पुढे झालो. "सुभेदार, एक आकडा हाय. माझ्या भावाचा पदक हाय. लिवा."

"तुमच्या भावासाठीच नाही म्हणतोय, म्हात्रे."

त्यांचा उजवा हात ट्रंकेत होता, डायऱ्यांवर. मी झाकण धरलं आणि आपटलं. पत्र्याची ट्रंक, फौजेची, कडेला लोखंडी पट्टी. झाकण लागलं नाही, मध्ये मनगट होतं. मी त्यावर गुडघा ठेवला आणि सगळं वजन टाकलं. आतून सुक्या काटक्या मोडल्यासारखा आवाज आला, एकदा, मग पुन्हा. सुभेदार ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, कपाळावर घाम फुटला, आणि ते माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात हन्नाबाईंचं लाटणं माझ्या कपाळावर बसलं. एकदा, दोनदा. भुवईपासून केसांपर्यंत ती खूण अजून आहे. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं आणि मी बाजूला झालो. मेजर खिडकीपाशी उभेच होते. ते एक पाऊलही हलले नाहीत.

सुभेदारांनी हात बाहेर काढला. मनगट भलतीकडेच वळलं होतं, तीन बोटं लोंबत होती, एकाचं हाड कातडीतून वर आलं होतं. डाव्या हाताने त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि ट्रंकेच्या झाकणावर वेडंवाकडं लिहिलं: १८४०.

डॉक्टरने हात बांधला आणि पोलिसांना कळवलं. ठाण्यात तोच फौजदार होता. आम्हा दोघांना ओळखत होता, भानगड वाढवायची त्याला हौस नव्हती. त्याने जबाब स्वतःच लिहून काढला, पाय घसरून ट्रंकेवर पडल्याने दुखापत.

"काका, डाव्या हाताचा अंगठा द्या आणि घरी जा."

"मी पडलो नाही."

"बरं. मग काय झालं?"

"यांनी मोडला. अठरा चाळीसला."

"म्हणजे तक्रार द्यायची?"

"नाही. तक्रार नाही."

"मग पडलो म्हणा ना, काका! म्हात्रेशेठ घरी जातील, तुम्ही घरी जाल, मी जेवायला जाईन."

"जाऊ द्या की त्यांना. तुम्हीही जेवायला जा. पण मी पडलो नाही."

हे असं तासभर चाललं. फौजदाराने कपाळाला हात लावला. मी दोन्ही हात जोडले, "काका, एक शब्द बोला. तुमचा काय जातंय?" सुभेदार शांतपणे म्हणाले, "तुमच्यावर माझा राग नाही, म्हात्रे. पण झालं तेच लिहायचं." शेवटी फौजदाराने खरं ते लिहिलं, आणि खरं लिहिल्यावर मला आत टाकण्यावाचून त्याला इलाज उरला नाही.

सकाळी ते कोठडीपुढे आले. हात प्लास्टरमध्ये, शर्टाला इस्त्री. गजांच्या पलीकडे बाकावर बसले.

"मेजरसाहेबांनी तुम्हाला अर्धं सांगितलं. अर्धं ऐकून माणूस हात मोडतो. आता पुरं ऐका. मला बोलायची मनाई आहे, ती मोडतोय. तेही लिहून ठेवलंय."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. तरी ऐकत होतो.

"रस्त्यात सुरुंग होता. दत्तात्रेय पहिल्या गाडीत होता. दहा वाजून पाचला वायरलेस आला. अकरा वीसला त्याला माझ्या तंबूत आणलं. कमरेखाली काही नव्हतं. आपल्याकडचा मुलगा, म्हणून मीच त्याचा चेहरा पुसला आणि टेबलाशेजारी ताडपत्रीखाली ठेवला. एक वाजून दहाला तो तिथेच होता. गाडी उडाल्यामुळे कंपनी पिसाळली होती. सुरुंग कुणी पेरला ते सापडेना, म्हणून जवळच्या गिरणीत घुसले. भात भरडायला आलेली माणसं होती. संध्याकाळी मला तिथे जप्तीची यादी करायला पाठवलं. तांदूळ रक्ताने घट्ट झाला होता, बुटाला चिकटत होता. एकजण पोत्यामागे लपला होता, त्याला पोत्यासकट भोसकलेलं. यादीत काय लिहिलं ठाऊक आहे? माणसं अकरा. हत्यारं, कोयता एक. रात्री साहेब म्हणाले, म्हात्रेची वेळ तीन तास पुढे घे."

मी भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडे वळवलं.

"तो शनिवार होता. शनिवारी मी कधी लिहीत नाही, साहेब लोकही मला सूट द्यायचे. चांदण्या दिसेपर्यंत थांबलो असतो, तर तोवर दुसऱ्या कुणीतरी त्यांना हवी ती वेळ लिहिली असती. वायरलेसवर त्याचं नाव ऐकलं आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिथेच लिहिलं. आयुष्यात तो एकच शनिवार मोडला." ते उठले. "पदक हवं तर घ्या. पण मग गिरणीत सगळ्यांच्या पुढे दत्तात्रेय म्हात्रे होता, असं कायमचं लिहिलं जाईल. ती अकरा माणसं त्याच्या नावावर. त्याने कुणालाही मारलं नाही. तो ताडपत्रीखाली होता."

हे ऐकून मी त्यांच्या पाया पडलो असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं झालं नाही. मी गज धरून त्यांना शिव्या दिल्या, तोंडाला येतील त्या. त्यांनी ऐकून घेतल्या आणि घड्याळ बघून निघून गेले.

मी जामिनावर सुटून घरी आलो तर आई ओटीवर बसली होती, आणि तिच्यासमोर पोयनाडकर. ठाण्यातून ते सरळ विचुंब्याला आले होते.

"म्हंजे दुपारपरयत नवता ना रं तो तरफडत?" आई विचारत होती.

"नाही, आई. त्याला कळलंसुद्धा नाही. दहा वाजून पाचला संपलं."

"पानी मागला का त्यानी?"

"नाही."

"तुमी तोंड पुसला ना त्याचा?"

"पुसलं."

आईने त्यांच्या प्लास्टरवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मागच्या पावली बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी तिने बारा वाजता ताट वाढून घेतलं, भात कालवला आणि जेवली. तीन वर्षांनी.

सुभेदारांनी चौकशीपुढे साक्ष दिली, डाव्या हाताने लिहून. नोंद बदलली नाही. पदक आलं नाही, लेफ्टनंटची रँक आली नाही. गिरणीत घुसणाऱ्यांना काही शिक्षा झाली असेल म्हणावं, तर तेही नाही. फाईल कुठेतरी बंद झाली. मेजर पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले असं ऐकलं. ठाण्यातली माझी केस मात्र तीन वर्षं चालली. दर तारखेला सुभेदार साक्षीला हजर, वेळेआधी दहा मिनिटं. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपीला माफ करता का? म्हणाले, "माफ कधीच केलंय. पण मोडला यांनीच."

हन्नाबाईंनी दाराला साधी पाटी लावली: सुभेदार पोयनाडकर. तिच्यावरून जाताना मी मान वळवायचो.

मग एक वर्ष, दत्तूच्या दिवसाआधी, बँडवाला वेळ विचारायला आला. माझ्या तोंडून निघून गेलं, "सकाळी दहा."

"दरसाल तर दुपारी असतं, शेठ."

"दुपारी ऊन लागतंय पोरांना," मी म्हटलं. खोटं बोललो. मला ते जमतं.

त्या सकाळी मी दगडापाशी लवकर पोचलो. सुभेदार आधीच तिथे होते. तेव्हा मला कळलं की ते दरवर्षी येत होते, दहाला, एकटे, आमचा बँड यायच्या तीन तास आधी. आईला ते ठाऊक होतं, तीही त्यांच्या शेजारी उभी होती. मला आणि मागून येणाऱ्या माणसांना, बँडला, सरपंचांना बघून सुभेदार गोंधळले. त्यांना वाटलं, त्यांचीच वेळ चुकली. घड्याळ कानाशी धरलं.

"बरोबर हाय तुमचा घड्याल," मी म्हटलं. त्यांच्याशी चार वर्षांत बोललेलं पहिलं वाक्य.

त्यांनी घड्याळ खाली घेतलं. सरपंच भाषणाला उभे राहत होते, मी त्यांना हाताने थांबवलं. दहा वाजून पाच झाले. सुभेदार ताठ झाले आणि सलाम केला. मी मोडलेली तीन बोटं सरळ होत नव्हती, कपाळाशी ती चिमणीच्या पायासारखी आखडून राहिली होती. सगळं गाव बघत होतं. त्यांनी हात खाली घेतला, डाव्या हाताने डायरी काढली, अर्धवट काढून थांबले, आणि परत खिशात ठेवली.

मला वाटलं, आज लिहीत का नाहीत? मग लक्षात आलं, तो दिवस शनिवार होता.

पंधरा दिवसांनी ते आणि हन्नाबाई मुलाकडे इस्रायलला गेले. मला सांगितलं नाही. दगडावरची एक वाजून दहाची ओळ अजून तशीच आहे. पाथरवटाशी भाव ठरत नाही.